जाणाऱ्यांचा चैत्र

वसंत येतो, असं आपण म्हणतो. ओकाबोका पिंपळ आठ दिवसांत तांबूस, पारदर्शक, ओलसर पालवीने भरून जातो, कडुनिंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास संध्याकाळच्या वाऱ्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत येतो, आंब्याच्या आडून कोकीळ एकेक सूर वर चढवत तान नेतो आणि आपली खात्री पटते की हा ऋतू येणाऱ्यांचा आहे. गुढी उभारावी, दाराला तोरण बांधावं, जे येईल त्याला आत घ्यावं. पण याच दिवसांत, याच उजेडात, आपल्या डोक्यावरून आणि बहुतेकदा आपल्या झोपेवरून एक प्रचंड निरोप चाललेला असतो. तळ्यांवरून, माळांवरून, खाडीच्या चिखलावरून, उसाच्या फडांवरून, विजेच्या तारांवरून असंख्य पंख उत्तरेकडे वळत असतात. कुणी लडाखला निघालेलं, कुणी तिबेटला, कुणी मंगोलियाला, कुणी कझाकस्तानच्या गवताळ मैदानांकडे. आपल्या दारात तोरण चढतं.

त्यांचं बिऱ्हाड उठतं.

बदल आधी उजेडात होतो. पौषातला उजेड तिरका, जरा लाजरा, जमिनीला लगटून चालणारा. माघ सरताना तो उठून उभा राहतो. होळीच्या आधीच्या त्या विचित्र दिवसांत, पहाटे अजून पांघरूण लागतं आणि दुपारी सावली शोधावी लागते तेव्हा, सूर्य रोज थोडा आधी येतो आणि रोज थोडा जास्त रेंगाळतो. आपण सहज म्हणून जातो, दिवस मोठा झाला. पक्ष्याला ते म्हणावं लागत नाही. उजेड त्याच्या कवटीच्या पातळ हाडातून झिरपून थेट मेंदूच्या गाभ्यात पोचतो आणि दिवसाची लांबी तिथे आतल्या आत मोजली जाते. १९२० च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन नावाच्या शास्त्रज्ञाने ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यातल्या चिमुकल्या पक्ष्यांपाशी विजेचे दिवे लावून त्यांची संध्याकाळ रोज थोडी थोडी लांबवत नेली, आणि भोवती बर्फ गोठलेलं असताना त्या पक्ष्यांच्या देहात वसंत सुरू झाला. हवा थंडीचीच होती, झाडं निष्पर्णच होती. फक्त दिवा होता.

मग भूक वाढते. एरवी चोखंदळपणे टिपणारा पक्षी दिवसभर खात सुटतो, कातडीखाली चरबीचा पिवळसर थर धरतो, कारण वाटेतली वाळवंटं आणि बर्फाचे डोंगर त्याच थराच्या बळावर ओलांडायचे असतात. आणि मग झोप उडते. पिंजऱ्यात ठेवलेला स्थलांतरित पक्षी या दिवसांत रात्ररात्र फडफडत राहतो. दाणा असतो, पाणी असतं, मांजराचं भय नसतं, तरी तो जायच्या दिशेच्या गजांवर पुन्हा पुन्हा झेपावतो. ही तगमग मी वाचली तेव्हा मला ती अनोळखी वाटली नाही. फाल्गुनातल्या काही रात्री अशा असतातच, विनाकारण जाग येणाऱ्या, खिडकीशी नेऊन उभं करणाऱ्या, जेव्हा माणसाला कुठे जायचं ते ठाऊक नसतं आणि तरी कुठेतरी जायचं राहून गेलंय असं वाटत राहतं. फरक इतकाच की पक्ष्याला पत्ता माहीत असतो.

उजनीच्या पाण्यावर मी दर वर्षी जाते ती याच सुमाराला. थंडीत भिगवणला गर्दी असते. कॅमेऱ्यांच्या लांबलचक नळ्या, टोप्या, सहली, होड्यांच्या रांगा. मार्च उतरणीला लागला की गर्दी ओसरते आणि पाणीही ओसरत असतं. भीमेवरचं हे धरण १९८० च्या सुमाराला पुरं झालं आणि नदीकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळा चढत जातो तसतसा जलाशय मागे सरकतो, काठाचा गाळ भेगाळतो आणि एखाद्या वर्षी पाणी फारच खाली गेलं की बुडालेल्या जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं. आधी शिखर, मग शिखरावर बसलेला बगळा, मग हळूहळू दगडी भिंती. पाणी जातं आणि गाव दिसू लागतं. पक्षी जातात आणि आभाळ दिसू लागतं. या दिवसांत उजनीवर जे जे दिसतं ते काहीतरी निघून गेल्यामुळे दिसतं.

होडी चालवणारे मामा मूळचे त्या बुडालेल्या काठाचेच. लांब बांबूने होडी रेटत त्यांनी मला त्या उथळ बेटापाशी नेलं, जिथे थंडीभर पट्टकादंब उन्हात बसलेले असत. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळ्या पट्ट्या ओढलेले, गंभीर चेहऱ्याचे हंसकुळातले पक्षी. बेट रिकामं होतं. चिखलावर पावलांचे ठसे होते, चार-दोन पिसं होती.

“गेली की वो ताई,” मामा म्हणाले. “परवा सांजच्याला इथंच हुती. सकाळी जाळं काढाया आलो तर नुसतं पाणी.”

“जाताना पाहिलीत का?”

“रातचं जात्यात ती. रातचं कोण बघतंय? वरनं आवाज तेवढा येतो.”

आवाज तेवढा येतो. मी त्या रात्रीचा विचार करत राहिले. जाळ्याची बुचं पाण्यावर हलत असतील, काठावरच्या वस्तीत एखादं कुत्रं उगाच भुंकलं असेल, आणि वर अंधारात, चांदण्यांच्या खाली, तो जाडसर, अनुनासिक, एकमेकांना सांभाळून घेणारा गलका उत्तरेकडे सरकत गेला असेल. या पक्ष्यांच्या अंगावर यंत्रं बसवून अभ्यासकांनी त्यांची वाट मोजली आहे. हिमालयापाशी आल्यावर ते सात-आठ तासांत एका दमात चढून जातात. सात हजार मीटरच्याही वर त्यांची नोंद झाली आहे, जिथे माणसाला चार पावलं टाकतानाही धाप लागते. त्यांच्या रक्ताला विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवण्याची असोशी आहे. पण मला मोहवते ती दुसरीच गोष्ट. दिवसा उन्हाने तापलेला वारा दऱ्यांतून वर चढतो. त्याच्या पाठीवर बसलं तर चढण सोपी व्हावी. पट्टकादंब तो वारा बहुधा घेत नाहीत. ते रात्री निघतात, पहाटे चढतात, हवा थंड, दाट आणि निश्चल असते तेव्हा. आयती मदत सोडून ते शांतता निवडतात. जगातल्या सगळ्यात उंच डोंगराशी त्यांचं जे काही बोलणं असतं ते कुणी मध्ये नसताना होतं.

मामांनी होडी वळवली. चक्रवाकाची एक जोडी अजून काठाशी होती, नारिंगी अंगावर कललेलं ऊन घेऊन. संस्कृत कवींनी रात्रभर ताटातुटीचा शाप दिलेली ही जोडी. खरं तर रात्रीही एकमेकांच्या हाकेत राहणारी, आणि आता बरोबरच लडाख-तिबेटच्या कड्यांमधली बिळं शोधायला निघणारी. कवींना विरह हवा होता. पक्ष्यांना घरटं हवं होतं. थापट्या बदकं रुंद चोचीने पाणी चाळत होती. तलवार बदकं त्या आठवड्यात दिसलीच नव्हती. “ताई,” मामांनी मध्येच विचारलं, “ह्यांचं गाव नक्की कुठलं म्हणायचं?”

मला उत्तर देता आलं नाही. आपण त्यांना पाहुणे म्हणतो. पण भोरड्यांचंच बघा. श्रावण-भाद्रपदात, पाऊस चालू असतानाच त्या मध्य आशियातून इकडे येऊन थडकतात आणि चैत्रापर्यंत इथेच असतात. वर्षातले सात-आठ महिने इथलं पाणी, इथलं पीक, इथली झाडं. तिकडे जायचं ते फक्त अंडी घालायला आणि पिलं उडती करायला. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जावी तसं. तिथे ती जन्मली, तिथेच जन्म देणार, पण तिचा सगळा संसार, सगळे रोजचे राग-लोभ, या इथल्या ज्वारीच्या रानात.

आणि ज्वारीच्या रानात त्यांचा राग सगळ्यांनाच होता. माढ्याकडे माझ्या मामाचं रान होतं. कणसात दाणा भरायला लागला की मामा पहाटेच माळ्यावर चढायचा, गोफण घेऊन. क्षितिजावर आधी धूर उठल्यासारखं व्हायचं, मग तो धूर वळायचा, आकसायचा, फुगायचा, एका अंगावर गडद आणि दुसऱ्या अंगावर विरळ होत रानावर कलायचा आणि मग हजार चोचींचा कलकलाट कणसांवर कोसळायचा. मामाची गोफण हवेत गरगरायची, खडा सूं करत सुटायचा, आणि त्यामागोमाग त्याची हाळी, छातीच्या तळातून निघालेली, शेवटचा स्वर आभाळात सोडून दिलेली, लांबच लांब हाळी. थवा एका श्वासात उठायचा. सगळं रान उजळून परत अंधारायचं. मला हाळी ऐकताना भीती वाटायची आणि ती संपू नये असंही वाटायचं.

पुढे कळलं की चीनच्या शिनच्यांग प्रांतात लोक याच पक्ष्यासाठी दगडांचे ढीग रचून ठेवतात, कपारी ठेवून, नीट घरटी करता यावीत म्हणून. तिथे तो येतो तो टोळांचा फडशा पाडत. गवताळ कुरणं वाचवतो. एका देशात दगड उचलायचा तो त्याला हाकलायला, दुसऱ्या देशात दगड उचलायचा तो त्याला बोलवायला. पक्षी तोच. त्याला दोन्ही दगड ठाऊक असणार.

सुगी झाली, कडब्याच्या गंजी लागल्या की भोरड्यांचं रानातलं काम संपायचं आणि त्या पळसाकडे वळायच्या. पळसावर एक पान नसतं तेव्हा, नुसत्या केशरी चोचींनी फांद्या भरलेल्या असतात तेव्हा, भोरड्या त्या फुलांत डोकी खुपसून मध पीत असतात. पांगारा, काटेसावर, पळस. मार्चभर माळावर पेटलेल्या या सगळ्या झाडांवर त्यांची भांडणं, त्यांची गजबज, परागांनी माखलेले त्यांचे चेहरे. आणि याच दिवसांत त्यांचा रंग उजळतो. हिवाळ्यात मळकट दिसणारी पाठ गुलाबी होते, डोकं नि गळा काळेभोर तकतकीत होतात, डोक्यावरचा तुरा डौलात मागे पडतो. मला वाटायचं, नवी पिसं येत असतील. तसं नाही. पिसं तीच असतात, शरदात उगवलेली. त्यांच्या कडांना एक मळकट, फिकी किनार असते. ऊन, वारा, फांद्या, कणसं, महिनोन् महिन्यांचा वापर, यांनी ती किनार झिजत जाते आणि खालचा रंग वर येतो. जायची वेळ होते तेव्हा तो पूर्ण उघडतो.

झिजून उजळलेला पक्षी. आपल्याकडे फुलं अशी नसतात, वस्त्रं अशी नसतात. काही माणसं असतात.

दिवाळी झाली की पट्टकादंब उजनीवर उतरतात, आणि त्याच सुमाराला काठच्या उसाच्या फडांत कोयते पडायला लागतात. बीडकडून, जामखेड-पाथर्डीकडून माणसं येतात, फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, पहाटेच्या अंधारात बैलांच्या घुंगरांचे आवाज रस्त्यावरून कारखान्याकडे सरकत राहतात. सगळी थंडी त्या कोप्यांतल्या चुलींचा धूर पाण्यावर रेंगाळतो आणि धोबी, पिवळे धोबी, माळभिंगऱ्या संध्याकाळी याच उसात थव्याथव्यांनी मुक्कामाला शिरतात. मग मार्च येतो. कारखान्याचा पट्टा पडतो, धुराडं थंड होतं. एका दुपारी मी पुणे-सोलापूर रस्त्यावर उभी होते आणि समोरून ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या गेल्या: भांडी, गाठोडी, कोंबड्यांची डालगी, उलटी ठेवलेली बाज, वर बसलेल्या बायका, त्यांच्या पदरांत झोपलेली पोरं. एक मुलगी मागे तोंड करून बसली होती आणि गेलेल्या रस्त्याकडे बघत होती. वर आभाळात एक भोवत्या पंख ताणून त्याच दिशेला तरंगत चालला होता. दोघांच्या निघण्याचा महिना एक. पण भोवत्यावर कुणाची उचल फिटायची राहिलेली नव्हती, आणि त्या मुलीची शाळा या येण्याजाण्यात कुठे राहिली असेल ते तिच्या गावातलं कुणीही सांगू शकलं असतं. आभाळातलं स्थलांतर बघायला आपण दुर्बिणी आणतो. रस्त्यावरचं उघड्या डोळ्यांसमोरून जातं.

सगळेच थवे करून जात नाहीत. काही इतके एकेकटे जातात की जाणं म्हणावं की विरणं, कळत नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवर टाकीतून ओघळलेल्या पाण्याची एक कायमची ओल आहे. ऑक्टोबर लागला की तिथे एक करडा धोबी येतो. वीसेक ग्रॅमचा जीव. लांब शेपटी सतत खालीवर, पोटाखाली लिंबाच्या सालीचा पिवळा. डोंगरांतल्या वाहत्या झऱ्यांच्या काठी वाढलेला हा पक्षी सिमेंटच्या गच्चीवरची दीड हात ओल आपली मानतो आणि हिवाळाभर तिथे टुकटुक चालत राहतो. तो पहिल्यांदा दिसतो तो दिवस मला नेहमी लख्ख कळतो. “चिझिट” असा धारदार, दुहेरी आवाज कानावर पडतो, हातातलं काम थांबतं, मी गच्चीवर धावते: आला! पहिलं दर्शन घडता क्षणीच आपली ओळख देतं. त्याला तारीख असते, प्रहर असतो, कुणाला तरी सांगायची घाई असते.

शेवटचं दर्शन घडताना गप्प असतं.

एप्रिलमध्ये कधीतरी, वाळवण उचलताना, एकदम लक्षात येतं की बरेच दिवसांत तो दिसला नाही. मग आठवायला बसावं लागतं. सोमवारी होता का? पाडव्याला? त्या दिवशी शेपूट हलली होती ती त्याची की नुसती सावली? ज्या सकाळी तो शेवटचा दिसला, त्या सकाळी आपण त्याच्याकडे पाहिलंही असेल, पण रोजच्यासारखं, अर्ध्या नजरेने, उद्या आहेच या हिशोबाने. तारांवर माळभिंगऱ्यांची रांग दाट होत जाते, एका संध्याकाळी फार दाट होते, आणि दुसऱ्या दिवशी तार म्हणजे फक्त तार उरते. शेवटचं दर्शन हे कधी डोळ्यांना होतच नाही; ते नंतर, रिकाम्या जागेकडे बघत, मनाला करून घ्यावं लागतं.

मामाची हाळीही मी अशीच कधीतरी शेवटची ऐकली. कालव्याचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, माळा मोडला, गोफण गोठ्याच्या आड्याला लटकत राहिली. कुठल्या वर्षी, कुठल्या पहाटे ती हाळी शेवटची उठली, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. मामालाही नाही. त्याला विचारलं तर तो हसतो आणि म्हणतो, “अगं, पुढच्या सालीही पेरू, असंच वाटायचं.”

रात्री जाणाऱ्यांना वाट कोण दाखवतं? १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन नावाच्या संशोधकाने घरट्यातून आणून हाताने वाढवलेली पिलं तारांगणाच्या कृत्रिम आभाळाखाली ठेवली. कुणी त्यांना नक्षत्रं शिकवली नव्हती. पिलं नुसती वर बघत राहिली, आणि बघता बघता त्यांना एक गोष्ट उमगली: सगळं आभाळ फिरतं आहे आणि एक जागा फिरत नाही. ती जागा त्यांनी उत्तर मानली. मग एमलेनने काही पिलांसाठी तारांगण असं फिरवलं की ध्रुवाऐवजी मृगातला लालसर काक्षी तारा स्थिर राहावा. त्या पिलांची उत्तर काक्षीकडे गेली. म्हणजे ताऱ्याचं नाव, तेज, पुराण यातलं काहीच त्यांना लागत नव्हतं. लागत होतं ते एवढंच की या घुमत्या पसाऱ्यात काय जागचं हलत नाही, ते कळावं. आपल्या कथेतला तो पाच वर्षांचा मुलगा, बापाच्या मांडीवरून उठवलेला, अढळपद मागायला रानात गेला. आणि पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी एक पिलू घरट्याच्या काठावरून वर बघतं आणि त्या अढळ जागेकडे पाहून प्रवास शिकतं. शरदात ती जागा पाठीशी ठेवायची. वसंतात तिच्याकडे तोंड करायचं. जो हलत नाही त्याच्याच भरवशावर सगळे हलतात.

पण आपण आता रात्र पूर्वीसारखी काळी ठेवलेली नाही. मुंबईत वैशाखात ठाण्याच्या खाडीवर उभं राहिलं तर हे जाणवतं. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झालेली ही खाडी. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, मध्ये ओहोटीचा काळा चिखल आणि त्या चिखलावर पसरलेली गुलाबी. रोहितांची घाई वेगळी आहे. ते हिमालयाकडे जात नाहीत. त्यांना कच्छच्या रणात पाणी साचण्याची वाट बघायची असते, तिथे उथळ पाण्यात चिखलाची बुटकी घरटी थापायची असतात. म्हणून बाकीचे गेले तरी ते मेपर्यंत, कधी त्याही पुढे रेंगाळतात, चोच उलटी करून चिखलातलं शेवाळ गाळत राहतात, त्याच शेवाळाचा रंग अंगावर चढवत राहतात. शेजारी कुरव, हिवाळ्यात डोळ्यामागे फक्त एक काळसर टिपका असलेला, आणि मार्चमध्ये बघता बघता सगळ्या डोक्यावर तपकिरी टोपी चढवून निघायला तयार झालेला. आणि वर विमानं, मिनिटामिनिटाला. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून जाणारा रोहितांचा थवा उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत आला आणि तीन डझनांहून अधिक पक्षी वस्तीत, रस्त्यावर मरून पडले. त्या रात्री त्यांच्या आणि त्यांच्या रणाच्या मध्ये काय आलं ते सगळ्यांना कळलं. बाकीच्या रात्री मध्ये काय येतं ते कळतही नाही: भरणी घातलेली एखादी पाणथळ जागा, काठावर लावलेले नवे प्रखर दिवे, गेल्या साली होतं आणि या साली नाही असं एखादं गवताचं रान. पक्षी पाठांतराने येतो. आपण पान फाडून ठेवतो.

तरीही आभाळ एका बाजूने रिकामं होतं तेव्हा दुसऱ्या बाजूने भरत असतं, आणि हे मला फार उशिरा उमगलेलं सुख आहे. एप्रिल-मेच्या तापलेल्या रात्रीत अमूर ससाणे आफ्रिकेतून अरबी समुद्र एका झेपेत ओलांडून भारतावरून पूर्वेकडे निघून जातात, थव्याने, बहुधा कुणालाही न दिसता. मे संपताना दक्षिणेकडून नवरंग येतो. रात्रीच्या प्रवासाने थकलेला, कधी एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुंड्यांमागे बसलेला, हिरवा, निळा, पिवळा, पोटाशी लालबुंद, आणि शहर त्याच्याकडे बघून क्षणभर खुळं होतं. दोन दिवसांनी तो जंगल गाठतो आणि पहाटे, तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ सह्याद्रीच्या पायथ्याशी उमटू लागते. मग पावसाच्या वाऱ्यावर चातक. कोकणातल्या ओढ्याकाठी तिबोटी खंड्या. एक थवा वाटेत दुसऱ्याला भेटतही नसेल, पण ज्या हवेतून एक गेला तिच्यातूनच दुसरा येतो. ऋतू नावाची जी गोष्ट आपण कॅलेंडरात बघतो ती वर कुणीतरी पंखांनी ओढून नेत असतं, आणून ठेवत असतं.

उजनीवरून परतताना होडीवाल्या मामांच्या प्रश्नाचं उत्तर मी मनात जुळवत होते. त्यांचं गाव कुठलं? जिथून निघताना कुणीतरी त्यांची आठवण ठेवतं, तेही गावच म्हणायचं. हिशोब सोपा आहे. अट एवढीच की आठवण ठेवणारं कुणीतरी असलं पाहिजे.

म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असेलच. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी हे सगळं तुम्ही लिहीत असालच. फाल्गुन लागला की त्याच चौकोनांत रोज एक शब्द जास्त लिहा. धोबी दिसला. भोरड्या दिसल्या. माळभिंगऱ्या तारेवर. नाव माहीत नसलं तर “ती पिवळ्या पोटाची” असं लिहा, चालतं. कुठल्या दिवशी लिहिणं थांबलं हे चैत्रात मागे वळून बघाल तेव्हा शेवटच्या दर्शनाची तारीख तुमच्याकडे असेल, तुमच्या अक्षरात. पाच-दहा वर्षं असं केलंत तर कोण लवकर जायला लागलं, कोण उशिरा येतं, आणि कोण आता येतच नाही, हे तुमच्या भिंतीला ठाऊक असेल. जुनी कॅलेंडरं रद्दीत घालू नका.